सिलोरीची पांढरी जागा

बरकतपुरा, हैदराबाद
२१ सप्टेंबर १९९७

चि. प्रणिता,

आधी आजोबाचा आशीर्वाद घे, मग पुढचं वाच.

तू पोचल्याचा फोन आला, पण तो तुझ्या बापानं उचलला. "पोचली, ठीक आहे," एवढं म्हणून सुधीर आंघोळीला गेला. पोचली म्हणजे कुठे पोचली? खोली कुणाच्या घरात आहे? दाराला कडी आहे का, आणि ती आतून लागते की नुसती बाहेरून? पाणी उकळून पितेस का? यातलं काही त्यानं विचारलं नाही. लहानपणापासून तो असाच आहे.

तुझी आई म्हणते, आबा, पोरगी नकाशा करायला गेली आहे, लढाईला नाही. मी म्हटलं, ज्योती, नकाशा कंप्युटरात करतात तर पहाडावर जायचं काय काम? वर्षभर सिकंदराबादच्या ऑफिसात पंख्याखाली बसून करत होती ते काय होतं? ती म्हणाली, मी शाळेत हिंदी शिकवते, भूगोल नाही, तिलाच विचारा. म्हणून विचारतो. सोपं करून लिही. निजामाच्या राज्यात मी चार इयत्ता उर्दूत शिकलो. मराठी अक्षरं नंतर घरी बसून गिरवली. मोठे शब्द आले की मी परेशान होतो.

इकडे सगळं उतरणीला लागलं आहे. विजेचा दाब कमी झाला असावा, बल्ब मिणमिणतात. दूधवाला बदलला की काय कोण जाणे, दूध पिवळट येतं. ज्योतीनं साबण बदलला आहे आणि कबूल करत नाही. माझी सगळी धोतरं पिवळी पडली. लालागुड्याच्या वर्कशॉपात रेल्वेच्या डब्यांना रंग देण्यात माझा जन्म गेला. पांढरं कोणतं आणि पिवळट कोणतं हे मला कुणी शिकवू नये. वर्तमानपत्रवालेसुद्धा हल्ली शाईत पाणी घालतात. अक्षर फिकं येतं.

माझी तब्येत ठीक आहे. तू स्वेटर घाल.

तुझा आबा, हिम्मतराव


सिलोरी, गढवाल
२ ऑक्टोबर १९९७

ती. आबांना नमस्कार.

कडी आहे. आतून लागते. घर गावच्या मास्तरांचं आहे, नेगी गुरुजी म्हणतात त्यांना. त्यांच्या बायको मला रोज विचारतात, दक्षिणेत सगळे फक्त भात खातात का? मी म्हटलं, आमच्याकडे ज्वारीची भाकरी खातात. ते त्यांना खोटं वाटतं.

आता सोपं करून सांगते. जुन्या काळी सरकारी माणसं पायी डोंगर फिरली आणि कुठे कोणता खडक आहे ते त्यांनी कागदावर काढलं. प्रत्येक खडकाला एक रंग. ते कागद टेबलावर पसरून, एक यंत्र हातात धरून, आम्ही रेघ न् रेघ कंप्युटरात उतरवली. आता एखाद्या गावाच्या नावावर माऊस नेऊन दाबलं की खिडकी उघडते: खाली कोणता खडक, उतार किती, झरा कुठे, पूर्वी दरड कोसळली होती का. हे सगळं एका सीडीत बसणार आहे. ती पहाडातल्या सरकारी खात्याला द्यायची. रस्ता, शाळा, दवाखाना कुठे बांधायचा ते यापुढे ती बघून ठरवतील.

कागदावरचं खरं आहे का ते मधूनमधून जागेवर जाऊन बघावं लागतं. त्यासाठी मी आले. सिलोरीपाशी एक अडचण आहे. गावाच्या वर एक सपाट जागा आहे. जुना नकाशा करणाऱ्याच्या वेळी तिकडे जायचा पूल वाहून गेला होता. तो गेलाच नाही. तेवढी जागा त्यानं कोरी ठेवली. नकाशात सगळीकडे रंग आहेत आणि सिलोरीच्या वर एक पांढरा ठिपका. दोन्ही बाजूंना पक्क्या खडकाचा पिवळसर रंग आहे, म्हणून ऑफिसात पुष्कर सर म्हणाले, मध्येही तोच भरून टाक. मी म्हटलं, आधी बघून येते. कारण त्याच जागेवर नवी शाळा बांधायची आहे.

माझ्या मराठीतल्या चुका आईला दाखवू नका.

तुमची प्रणिता


बरकतपुरा
१४ ऑक्टोबर १९९७

चि. प्रणिता,

दसरा तुझ्याविना झाला. सोनं वाटायला मी कुठे गेलो नाही. चप्पल काढताना दाराशी पाय अडखळला. उंबरठ्याचा रंग फरशीसारखाच दिला आहे मेल्यांनी, दिसत नाही.

तुझं पत्र मी उजेडात बसून वाचलं. बाई, तुझे साहेब बरोबर सांगतात. आमच्याकडे हिशेब सरळ होता. डबा रंगवून झाला की फोरमन बोट फिरवत यायचा. कुठे रंग सुटलेली जागा दिसली की सगळ्यांसमोर विचारायचा, ही जागा काय तुझ्या सासऱ्यासाठी ठेवलीस का? सुटलेली जागा म्हणजे कामचुकारपणा. तिथूनच गंज धरतो. दोन्ही बाजूंना पिवळा असेल तर मध्ये काय निळा निघणार आहे? भरून टाक आणि ये.

दुसरी गोष्ट. ही सरकारी नोकरी नाही. आम्हाला काढायचं तर कागद दिल्लीपर्यंत हिंडायचे, तोवर माणूस रिटायर व्हायचा. तुमच्याकडे आज साहेबाचं तोंड वाकडं झालं की उद्या टेबलावर दुसरी मुलगी. शेजारचा अविनाश बघ, कारखान्याला कुलूप लागलं आणि तो आता घरोघरी पाणी शुद्ध करायचं मशीन विकतो. दोनदा येऊन गेला. वाद घालू नकोस. पोरीच्या जातीनं तर मुळीच नको.

तब्येत ठीक आहे.

आबा


सिलोरी
२५ ऑक्टोबर १९९७

ती. आबा,

वर जाऊन आले. पुन्हा पुन्हा जाऊन आले. दोन्ही कडांना पक्का खडक आहे, तुम्ही म्हणता तसाच. पण मधल्या सपाट जागेवर खडक कुठेच उघडा दिसत नाही. गवत आहे, मोठे धोंडे आहेत, आणि एका बाजूची झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ झाली आहेत. कधीतरी वरून घसरून आलेल्या मातीनंच ती जागा सपाट झाली असेल. नसेलही. खड्डे खणून, उन्हाळ्यात बर्फ वितळताना पाणी कुठून निघतं ते बघूनच सांगता येईल. आज मला कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच आहे: माहीत नाही.

हे कुणालाच आवडत नाही. नेगी गुरुजींची पोरं देवळाच्या ओसरीत बसून शिकतात. पाऊस आला की पाट्या डोक्यावर धरतात. सबंध गावात सपाट जागा तेवढीच. गुरुजी म्हणाले, "बेटी, तू पक्कं लिही म्हणजे शाळा होईल. कच्चं लिहिलंस तर पैसा दुसऱ्या गावाला जाईल." मी म्हटलं, मी दोन्ही लिहीत नाही. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात.

पुष्कर सरांना एसटीडी बूथवरून फोन केला. डिसेंबरात सीडी द्यायची आहे, मध्येच कोरी जागा ठेवून दिली तर गिऱ्हाईक म्हणेल काम अर्धवट आहे, असं ते म्हणाले. मी सांगितलं, तिथे रंग भरणार असाल तर माझं नाव काढा आणि मलाही काढा. ते विचार करतो म्हणाले.

आबा, तुम्ही रागावणार हे माहीत आहे. पण डब्यावर रंग सुटला तर डबा गंजतो. इथे रंग भरला तर त्यावर पोरं बसतील.

दिवाळीला येत नाही. अनारसे ठेवा.

प्रणिता


बरकतपुरा
५ नोव्हेंबर १९९७

चि. प्रणिता,

तुझं पत्र नेमकं नरकचतुर्दशीला आलं. घरात कुणाला सांगितलं नाही. मलाही काढा, असं तू साहेबाला म्हणालीस? दिवाळीभर ते पत्र मी खिशात घेऊन हिंडलो.

म्हणून काल मी तुझ्या ऑफिसात जाऊन आलो. रागावू नकोस. सगळ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो, साहेब बिथरला की घरातल्या वडीलधाऱ्यानं जाऊन हात जोडावे. मला असंच एकदा माझ्या चुलत्यानं वाचवलं होतं. डब्यात अनारसे घेतले, बसच्या पाटीवरचं अक्षर फिकं होतं म्हणून एका मुलाला विचारलं, आणि सिकंदराबादला उतरलो.

तुझे साहेब पुण्याचे. वयानं सुधीरपेक्षा लहान, तरी मी साहेबच म्हटलं. सांगितलं, मुलगी लहान आहे, तोंडानं फटकळ आहे, मनात काही नाही. ते म्हणाले, आजोबा, ती फटकळ आहे हे खरं. मग त्यांनीच मला एका कंप्युटरसमोर बसवलं. माऊस दाबला, डोंगर मोठा झाला, आणखी दाबला, नद्या दिसल्या. खरंच सुरेख केलं आहेस. म्हणाले, "ही बघा तुमच्या नातीची जागा."

मी नीट वाकून बघितली. पोरी, तुझी काळजी मिटली. तिथे पांढरं काही नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा पिवळा रंग भरला आहे, कुठे सांधा दिसत नाही. मी साहेबांना म्हटलं, छान भरलंय, आमच्या फोरमननंही खोट काढली नसती. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, तुम्ही नातीपेक्षा बरे टोमणे मारता. टोमणा कसला ते मला कळलं नाही, पण माणूस खुशीत होता.

तेव्हा आता तुझ्या हातून काही झालेलं नाही. त्यांनी भरलं, पाप पुण्य त्यांचं. तू गप्प राहा, नोकरी टिकव, आणि घरी ये.

तब्येत ठीक आहे. अनारसे साहेबांनी ठेवून घेतले.

आबा


सिलोरी
१७ नोव्हेंबर १९९७

आबा,

तुमचं पत्र वाचून मी तशीच खाली जिल्ह्याच्या गावी गेले. 'विचार करतो' म्हणून त्यांनी मागच्या मागे रंग भरला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी खात्री करून घेतली असती. पण रंगात तुम्ही चुकणार नाही.

मी दोन फॅक्स केले. एक इथल्या खात्याच्या साहेबांना: सिलोरीच्या वरच्या जागेची पाहणी झालेली नाही, कंपनीनं तिथे अंदाजानं रंग भरला आहे, त्या भरवशावर शाळेचा पाया खणू नये. दुसरा पुष्कर सरांना, राजीनाम्याचा.

गावात ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. नेगी गुरुजींनी ताट वाढलं पण शेजारी बसले नाहीत.

तुम्ही मला कळवलंत, बरं केलंत. तुम्ही ऑफिसात गेलात त्याबद्दल मी नंतर भांडेन.

प्रणिता


सिलोरी
२४ नोव्हेंबर १९९७

ती. आबा,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

खात्यातल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. माझा फॅक्स मिळताच पुष्कर सरांनी कुरिअरनं सीडी पाठवली होती. साहेबांनी माझ्यासमोर त्यांच्या कंप्युटरात घातली. सिलोरी उघडलं. आबा, जागा पांढरी आहे. पहिल्यापासून पांढरी होती. सरांनी माझा फोन झाल्यावर ती तशीच ठेवली, वर खिडकीत 'पाहणी झालेली नाही' असंही लिहिलं. कुणी काही भरलं नव्हतं. ज्या माणसानं माझं ऐकलं त्यालाच मी सरकारी साहेबांपुढे खोटारडा ठरवलं.

मी तिथूनच त्यांना फोन लावला. खूप बोलले, आणि ते मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुझे आजोबा इथे माझ्या खुर्चीत बसून म्हणाले, छान भरलंय. मला वाटलं, पांढरं सोडल्याबद्दल म्हातारा टोमणा मारतोय."

आबा, परतीच्या जीपमध्ये मी तुमची सगळी पत्रं मनात पुन्हा वाचली. दूध पिवळट. धोतरं पिवळी. बल्ब मिणमिणतात. उंबरठा दिसत नाही. बसची पाटी फिकी. आणि घरी पोचून तुमची शेवटची दोन पत्रं काढली तर ओळी एकमेकींवर चढलेल्या. सगळं मला दिसत होतं आणि मी हसत होते, आबा नेहमीप्रमाणे कुरकुरतात म्हणून.

मी तुमच्यावर रागावलेली नाही. एकच विचारते आणि याचं उत्तर 'ठीक आहे' असं देऊ नका. तुम्हाला किती दिसतं?

प्रणिता


बरकतपुरा
६ डिसेंबर १९९७

चि. प्रणिता,

हे पत्र मी सांगतो आणि ज्योती लिहिते. अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस.

डाव्या डोळ्यानं उजेड आणि माणसाचा आकार कळतो. उजव्यानं बरं दिसतं, पण मातीचं पाणी भरलेल्या काचेतून बघावं तसं. हे मला श्रावणापासून ठाऊक आहे. कोठी भागातल्या एका डॉक्टरकडे एकटाच गेलो होतो. मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करा, म्हणाला. मी विचारलं, दिसेल ना? तो म्हणाला, उजव्याचं सांगतो, डाव्याच्या पडद्याचं आत्ता सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणतो तो डॉक्टर कसला, असं मनात म्हणून मी उठून आलो. माझ्या थोरल्या भावाचा डोळा नेत्रशिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता, तेव्हाही आधी सगळे ठीक होईल म्हणत होते. मग मी ठरवलं की दूधच पिवळट आहे. रोज तसं म्हणत गेलो की खरंच तसं वाटतं.

सगळ्या बारीकसारीक गोष्टींची तक्रार मी केली, ही एवढी ठेवली. तुला कळलं असतं तर तू काम सोडून आली असतीस. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

पण माझ्या ठीक आहे म्हणण्यानं तुझी नोकरी जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पुन्हा साहेबांकडे जायला निघालो होतो. सुधीरनं चपला लपवल्या.

(आबा थांबले आहेत, पाणी पितात. मी साबण बदललेला नाही, हे माझ्या हातानं लिहून ठेवते. आई)

नोकरीचं काय झालं ते कळव. खरं कळव.

आबा


सिलोरी
२० डिसेंबर १९९७

ती. आबा,

खरं ते असं. पुष्कर सरांनी राजीनामा फाडला, पण आधी माझ्याकडून लेखी माफी घेतली आणि ती ऑफिसच्या भिंतीवर लावली आहे म्हणे. खात्यातल्या साहेबांनी शाळेचा पाया थांबवला. आता त्यांना नकाशातल्या अशा सगळ्या कोऱ्या जागांची पाहणी हवी आहे. ते काम सरांच्याच कंपनीला मिळालं, म्हणून राजीनामा फाडला. मी उन्हाळा संपेपर्यंत इथेच.

म्हणजे तुमच्या ऑपरेशनला मी नसेन. बाबा फोनवर म्हणाले, ऑपरेशन करून घेऊ, आम्ही आहोत ना. मला यावंसं वाटतं, पण पुढच्या आठवड्यात खड्डे खणायला सुरुवात आहे. बर्फ पडून जमीन गोठण्याआधी माती बघायला हवी.

गुरुजींची पोरं अजून ओसरीतच. आता ती अंगावर घोंगड्या घेऊन बसतात. मी समोरून गेले की वाचायची थांबतात. शाळा माझ्यामुळे अडली हे त्यांना माहीत आहे. जागा पक्की निघाली तर मी त्यांचं एक वर्ष उगाच घालवलं असं होईल. हे घेऊन रोज वर चढते.

डॉक्टर 'सांगता येत नाही' म्हणाले तर त्यांच्याकडेच जा, आबा. दुसरा शोधू नका.

प्रणिता


बरकतपुरा
२५ जानेवारी १९९८

चि. प्रणिता,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी बघ.

उजव्या डोळ्याची पट्टी संक्रांतीनंतर निघाली. डॉक्टर तोच, कोठीचा. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दिसला त्याचा कोट. इतका पांढरा होता की मला वाटलं ट्यूबलाइट लावली. घरी आलो तर धोतरं दोरीवर वाळत होती. ज्योती चहा घेऊन आली आणि धोतरांच्या शेजारी उभी राहिली. मग मी म्हटलं, साबण चांगला आहे. ती आत जाऊन हसली, ते मला ऐकू आलं.

काल तिला घेऊन तुझ्या ऑफिसात गेलो. तुझी माफी भिंतीवर आहे, मी वाचली. मराठीत असती तर बरी वाचली असती. साहेब म्हणाले, आजोबा, आता कसला टोमणा मारायला आलात? मी म्हटलं, एकदा पुन्हा दाखवा. त्यांना काम होतं, पण दाखवलं.

दिसली. दोन पिवळ्यांच्या मध्ये, एवढीशी, तुटलेल्या नखाएवढी. मी म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं तेव्हा खिडकी उघडली आणि त्यात ते अक्षर: पाहणी झालेली नाही. बाकी सगळ्या गावांच्या खिडक्या भरलेल्या, हिची एका ओळीची. मी काचेवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, डाग पडेल. ठेवलं तरी.

आमच्या फोरमननं ही जागा पाहिली असती तर मला चार लोकांत उभं केलं असतं. मीही तुला तेच लिहिलं होतं, भरून टाक आणि ये. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. किंवा नको, राहू दे.

डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात बघणार. दिसेल की नाही, डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. सुधीर म्हणाला, तिला लिहा, होईल ठीक, ती उगाच तिकडे काळजी करेल. मी तसं लिहिलेलं नाही. ते मलाही माहीत नाही.

मास्तरांच्या बायकोसाठी ज्वारीचं पीठ पाठवतो आहे, त्यांना भाकरी करून दाखव. पोरांसाठी चिक्की आहे. घेतील की नाही कोण जाणे, पण दे.

आणि एक. वर त्या जागेवर फिरताना हातात काठी ठेव, आणि पाय टाकण्याआधी काठी टाक. खाली काय आहे ते अजून कुणी बघितलेलं नाही.

तुझा आबा